‘आऊट’ झाल्यावर काय करायचं?

तुमच्या वर्गात पीटीच्या तासाला घड्याळं सांभाळणारी एक मुलगी होती. आठवतेय? सगळे मैदानात पळाले की ती पायरीवर बसायची. मांडीवर पाच-सहा घड्याळं, दोन चष्मे, कुणाची पाण्याची बाटली. ‘हे धर गं जरा’ असं म्हणून जो तो आपली वस्तू तिच्याकडे टाकून जायचा. तास संपला की ती ज्याचं त्याला परत द्यायची. एकही घड्याळ कधी हरवलं नाही.

आमच्या वर्गातली ती मुलगी मी होते.

खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट सुटल्यासारखं वाटायचं. लंगडीत मी पहिल्या मिनिटात बाद व्हायचे. खो-खोच्या टीम पाडताना दोन्ही कॅप्टन एकेक नाव घेत जायचे आणि शेवटी मी उरायचे. मग ‘हिला तुम्ही घ्या’, ‘नको, तुम्हीच घ्या’ असं व्हायचं. त्यापेक्षा पायरी बरी. आठवीनंतर तर आणखी सोपं झालं. ‘सर, पोटात दुखतंय’ म्हटलं की सर पुढे एक शब्द विचारत नाहीत, हे आम्हा मुलींना कळलं होतं. हळूहळू पायरीवर मी एकटी राहिले नाही. दहावीपर्यंत आम्ही नऊ जणी झालो होतो.

मग कॉलेज. गेल्या पावसाळ्यात डिपार्टमेंटचा ग्रुप सिंहगडावर गेला. अर्ध्या वाटेवर माझी छाती भात्यासारखी हलत होती आणि शेजारून साठीचे आजोबा काठी टेकत, गप्पा मारत वर निघाले होते. ‘मला नाहीच आवडत हे धावणं-चढणं,’ मी मैत्रिणीला म्हटलं. हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आलेय की ते मला माझ्या रक्तगटासारखं वाटतं. ठरलेलं आणि कायमचं.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ चिकू आला. सहावीत आहे. त्याला घेऊन मॉलमधल्या गेम झोनला गेले. तिथे ते नाचायचं मशीन होतं. तुम्ही पाहिलं असेल. पायाखाली चार बाण, समोर पडदा. गाणं सुरू होतं, पडद्यावर बाण सरकत येतात आणि ठेक्यावर त्या त्या बाणावर पाय टाकायचा. ‘ताई, ये ना, दोन जण लागतात,’ चिकू म्हणाला. मी आधी इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं. चढले.

पहिल्या गाण्यात माझा पाय कुठे आणि बाण कुठे! पण गाणं संपलं, दुसरं लावलं. सर्वांत सोपी लेव्हल निवडली. चौथ्या गाण्याला माझा कुर्ता पाठीला चिकटला होता, केस कपाळावर आले होते आणि ‘अजून एक’ असं मीच म्हणत होते. मी. पायरीवरची.

घरी येताना रिक्षात डोक्यात एकच विचार होता. मला धावणं आवडत नव्हतं की टीम पाडताना शेवटी उरणं आवडत नव्हतं?

७६५ शाळा आणि चार बाण

त्या रात्री मी या मशीनची कुंडली काढली. या खेळाचं नाव ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ मध्ये तो आणला, तोही गेम पार्लरसाठी. शाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. संबंध जोडला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्याने. मुलांमधल्या लठ्ठपणामुळे हे राज्य काळजीत होतं. २००६ च्या सुरुवातीला तिथे जाहीर झालं की राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ७६५ सरकारी शाळांमध्ये हा खेळ पोचवायचा. शिक्षण विभाग, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ आणि खुद्द कोनामी असे सगळे एकत्र आले. सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा बघणारी यंत्रणाही त्यात होती. तिचा हिशेब सरळ होता. आजची मुलं हलली नाहीत, तर उद्याची हॉस्पिटलची बिलं आपल्यालाच भरायची आहेत.

आता तुमच्यातले अर्धे जण म्हणतील, ‘वा, आपल्याकडे का नाही?’ उरलेले म्हणतील, ‘आधीच पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीत, त्यात शाळेतही स्क्रीन?’ माझी आई दुसऱ्या गटात आहे. तिच्या मते माझ्या डोक्यात गेम झोनची हवा गेलीय.

आईच्या बाजूला भक्कम पुरावा आहे, तो आधी सांगते. वेस्ट व्हर्जिनियाची घोषणा झाली त्याच वर्षी निन्टेन्डोचं ‘वी’ आलं. हातात रिमोट धरून हवेतच टेनिस आणि बॉक्सिंग खेळायचं. जगभर लोक वेडे झाले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वयाची मुलं घेऊन मोजमाप केलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा यात ऊर्जा जास्त खर्च होते, हे खरं निघालं. पण खऱ्या टेनिस किंवा बॉक्सिंगच्या मानाने ती बरीच कमी. मुलांच्या रोजच्या व्यायामात धरावी इतकी नाही.

दुसरा अभ्यास ह्यूस्टनचा, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९ ते १२ वयाच्या जवळपास ८० मुलांना ‘वी’ घरी दिलं. निम्म्यांना हालचाल करायला लावणारे गेम, निम्म्यांना बसून खेळायचे. कमरेला हालचाल मोजणारं यंत्र. तीन महिन्यांनी आकडे पाहिले तर दोन्ही गटांत फरक शून्य! उड्या मारायचे गेम मिळालेली मुलं दिवसभराच्या हिशेबात काही जास्त हलली नव्हती.

तिसरं उदाहरण तुमच्या-माझ्या ओळखीचं, पोकेमॉन गो. २०१६ मध्ये आख्खं जग फोन हातात धरून रस्त्यावर उतरलं होतं. अमेरिकेतल्या तरुणांची पावलं मोजली तेव्हा पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावलं वाढली होती. सहाव्या आठवड्यात गाडी पुन्हा जुन्या आकड्यावर. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, इथे फार तर चाळीस दिवस टिकली म्हणायची.

म्हणजे आई जिंकली? थांबा.

खोका देणं वेगळं, तास देणं वेगळं

ह्यूस्टनच्या अभ्यासात नेमकं काय केलं होतं ते परत बघा. मुलांना खोका दिला आणि घरी पाठवलं. कधी खेळायचं, किती वेळ, कुणाबरोबर, काही ठरवलेलं नव्हतं. आपण दरवर्षी जूनमध्ये नवी कोरी वही घेतो आणि यंदा रोज डायरी लिहायची असं ठरवतो, तसंच झालं. वही असते, लिहिणं होत नाही.

शाळेत मात्र एक गोष्ट असते जी घरी नसते. वेळापत्रक. मंगळवारी चौथा तास पीटीचा म्हणजे पीटीचा. मूड असो नसो, अख्खा वर्ग उठतो. म्हणून हे गेम शाळेत उपयोगी पडतील का, या प्रश्नाचं उत्तर मशीनपेक्षा त्या तासात जास्त आहे.

आणि आपल्याकडे त्या तासाचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? ‘पोर्शन बाकी आहे’ म्हणत गणिताचे सर आत येतात. पूर्वपरीक्षा जवळ आली की पीटी बंद, पाऊस आला की बंद, गॅदरिंगची प्रॅक्टिस असली की बंद. बरं, तास झालाच तर सर एक बॉल टाकतात, बारा मुलं क्रिकेट खेळतात, बाकीची कट्ट्यावर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून लिहिलंय की शाळेला मैदान हवं. शहरातल्या कितीतरी शाळांचं ‘मैदान’ म्हणजे फरशी घातलेलं अंगण, ज्यात सकाळी प्रार्थना होते आणि दुपारी स्कूल व्हॅन उभ्या राहतात.

अशा शाळेत उद्या कुणी दोन नाचायची मॅट आणून ठेवली, तर काय होईल? चला, हिशेब करू. तास ३५ मिनिटांचा. एक गाणं दीड मिनिटाचं, चढ-उतार धरून दोन मिनिटं. एका वेळी दोन मुलं. म्हणजे तासात १७ जोड्या, ३४ मुलं. वर्गात ५० असतील तर १६ जणांचा नंबरच लागणार नाही. ज्यांचा लागेल ती दीड मिनिट नाचतील आणि उरलेला तास रांगेत उभी राहतील. त्यातही दांडगट पोरं दोनदा घुसतील. पायरीवरची मुलगी? ती मॅटच्या बाजूला घड्याळं धरून उभी असेल.

शिवाय मशीनला आयुष्य असतं. मायक्रोसॉफ्टचं कायनेक्ट आठवतंय? रिमोटही नको, कॅमेरा तुमचं अंगच ओळखणार. २०१० मध्ये आलं तेव्हा दुकानांत मिळत नव्हतं, २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. सात वर्षं. आपल्याकडे शाळेची कॉम्प्युटर लॅब कशी होती आठवा. चपला बाहेर, मॉनिटरवर कापडाचा अभ्रा, किल्ली सरांकडे आणि सर रजेवर. ‘हात लावू नका, बिघडेल’ हे जिथे पहिलं वाक्य असतं, तिथे नाचायच्या मॅटवर पाय ठेवायला कोण देणार?

म्हणून ‘गेम आणा, मुलं हलतील’ असं जो म्हणेल त्याच्यावर माझा विश्वास नाही.

मशीनकडून शिकण्यासारखं

पण मॉलमध्ये माझं जे झालं ते खोटं नव्हतं. म्हणून मी शोधत राहिले की त्या मशीनने असं काय केलं, जे दहा वर्षांच्या पीटीने केलं नाही.

एक, मला कुणी निवडायचं नव्हतं. मी चढले की मी खेळात होते.

दोन, अवघडपणा मी ठरवला. शेजारी चिकू वरच्या लेव्हलवर, मी खालच्या, आणि गाणं एकच. शाळेत ज्याला धावता येतं त्याला आणि ज्याला येत नाही त्याला एकच शर्यत असते.

तीन, माझा आकडा माझ्या मागच्या आकड्याशी होता. चिकूशी नव्हता.

चार, चुकल्यावर काय होतं ते. त्या खेळातही नापास होता येतं, मी दोनदा झाले. पण नापास झालं की पुढची सूचना काय? पुन्हा खेळा.

आता आपले शाळेतले खेळ आठवा. लंगडी, खो-खो, संगीतखुर्ची, डॉजबॉल. बाद झालं की काय करायचं? बाहेर बसायचं. आणि सगळ्यांत आधी बाद कोण होतं? ज्याला पळण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे तोच. चपळ मुलगा शेवटपर्यंत पळत राहतो, आणखी चपळ होतो. स्थूल मुलगा, दम लागणारी मुलगी, नुकतीच वयात आल्यामुळे अवघडून गेलेली मुलगी दुसऱ्या मिनिटाला कडेला. गणितात कच्च्या मुलाला आपण जादा तास घेतो. पीटीत कच्च्या मुलाला बसवून ठेवतो. इतकी वर्षं हे आपल्याला खटकलं कसं नाही?

याचा हिशेब पुढे कळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं तेवढी हलतच नाहीत. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. त्या ८५ टक्क्यांत मी होते, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी होत्या. आम्ही आळशी होतो म्हणून नाही. आम्हाला लवकर आऊट केलं गेलं आणि परत कुणी आत बोलावलं नाही.

मग यावर मशीनच हवं का? नाही. आपल्याच गल्लीत याचं उत्तर होतं. विषामृत खेळलाय ना? ज्याच्यावर राज्य आहे त्याने शिवलं की ‘विष’. जागच्या जागी थांबायचं. पण बाहेर नाही जायचं! आपल्यातला कुणी येऊन हात लावतो, ‘अमृत’ म्हणतो आणि तुम्ही पुन्हा पळायला लागता. म्हणजे ‘पुन्हा खेळा’ हे बटण आपल्या आज्या परकर खोचून खेळत होत्या तेव्हापासून होतं, विजेशिवाय. शाळेने मात्र बाद करणारे खेळ उचलले, कारण त्यांच्या स्पर्धा भरवता येतात.

खो-खोबद्दल मला आकस नाही हं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या मुली आणि मुलगे दोघेही जिंकले, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे. ती फायनल मी ओरडत बघितली. पण वर्ल्ड कपसाठी खेळाडू निवडणं हे एक काम आणि पन्नास मुलांच्या वर्गाला हलवणं हे दुसरं काम. पीटीचा तास दुसऱ्या कामासाठी आहे.

हे दुसरं काम बिनखर्चात कसं होतं, त्याचं उदाहरण स्कॉटलंडचं. २०१२ मध्ये स्टर्लिंगमधल्या सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेत एलेन वायली या मुख्याध्यापिकांनी एक साधी गोष्ट सुरू केली. रोज १५ मिनिटं अख्ख्या वर्गाने बाहेर पडायचं आणि आपापल्या वेगाने धावायचं. दमलात तर चाला. गणवेश बदलायचा नाही, शिट्टी नाही, पहिला नंबर नाही. ‘डेली माइल’ या नावाने ते पुढे कितीतरी देशांतल्या शाळांत गेलं. बघा, नियम तेच आहेत जे माझ्या मशीनचे होते. निवड नाही, लेव्हल आपली आपण, आऊट कुणी नाही.

मग गेमला जागा आहे की नाही?

आहे. पण दार उघडण्यापुरती. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, मैदानात चिखल असतो आणि पीटी म्हणजे ‘वर्गात गप्प बसा’ असतं. आता कितीतरी वर्गांत डिजिटल फळा किंवा प्रोजेक्टर आहे. त्यावर नाचाचा गेम किंवा व्हिडिओ लावला, बाकं मागे सरकवली आणि पन्नासच्या पन्नास जण एकदम नाचले, तर दोन मॅटची रांगच लागत नाही. मशीनने पाय नाही मोजले तरी चालेल. जागाच नसलेल्या शाळेला, पायऱ्यांवर बसायला शिकलेल्या मुलींना, व्हीलचेअरवरून हात चालवू शकणाऱ्या मुलाला यातून पहिल्यांदा घाम येईल. पहिल्यांदा घाम आला आणि मजा आली की ते मूल मैदानाला कमी घाबरतं. मी आता रोज संध्याकाळी टेकडीवर जाते. चालते, धावत नाही अजून. पण ते मशीन नसतं तर टेकडीचं नाव मी काढलं नसतं, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

फक्त क्रम चुकवू नका. आधी तास, मग शिक्षक, मग जमलं तर मशीन. पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळेने गेमचं साहित्य घेतलं, तर ते गॅदरिंगला पाहुण्यांना दाखवण्यापुरतंच बाहेर येणार.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही काही मुख्याध्यापक नाही. पण तुमच्यातले काही जण बी.एड. करणार आहेत. काही जण एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला जाणार आहेत, तिथे दुपारी गावातली मुलं गोळा होतील आणि कुणीतरी म्हणेल, ‘चल, यांचे खेळ घे.’ कुणी सोसायटीच्या गणपतीत स्पर्धा ठेवणार आहे. तेव्हा हातात शिट्टी तुमच्याकडे असेल. खेळ सुरू करून पाच मिनिटांनी एकदा थांबा आणि कडेला किती जण बसलेत ते मोजा. अर्ध्याहून जास्त बसले असतील तर नियम बदला. बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत आत यायचं, एवढा एक नियम लावला तरी पुरे.

आणि घड्याळं ठेवायला एक टोपली आणा. ती मुलगी मोकळी होऊ दे. तिला खेळायचंय, फक्त तिला तसं कुणी विचारलेलं नाही.